समुद्र शेकडो किलोमीटरवर, पण दार आपलेच!

परवा जवाहर चौकातल्या चहाच्या टपरीवर आमची नेहमीची मंडळी जमली होती. कोणीतरी वर्तमानपत्र उघडले. किनाऱ्यावर नौदलाचा कसला तरी सराव चालू असल्याची बातमी होती. एक ज्येष्ठ काका हसून म्हणाले, "अहो, आपल्या भोपाळला काय त्याचे? आपला समुद्र म्हणजे बडा तालाब! तिथे पाणबुडी यायची म्हटली तर आधी भदभद्याचे दरवाजे चढून यावे लागेल!" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य मनातून जाईना. कारण आपल्या समाजातल्या बहुतेकांच्या मनातले तेच वाक्य आहे, काकांनी ते फक्त उघड बोलून दाखवले.

वाचकहो, मला २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवते. आमच्या वहिनी मुंबईत माहेरी गेल्या होत्या आणि त्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून पंजाब मेलने भोपाळला निघाल्या होत्या. त्यांची गाडी सुटून दोन-अडीच तास होत नाहीत तोच त्याच स्थानकात गोळीबार सुरू झाला. टीव्हीवर ते दृश्य पाहताना आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते. मोबाइल लागत नव्हता. वहिनींची गाडी कधीच पुढे निघून गेली आहे हे ठाऊक होते, तरी आईने देवापाशी दिवा लावला तो सकाळपर्यंत विझू दिला नाही. वहिनी सुखरूप आल्या. पण त्या स्थानकात पुढच्या गाडीची वाट पाहत बसलेली ५८ माणसे घरी गेली नाहीत. त्यांतली कित्येक आपल्यासारखीच, समुद्रापासून शेकडो कोस दूरच्या गावची होती.

मारेकरी कोठून आले? समुद्रातून. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी 'कुबेर' ही गुजरातची मासेमारी नौका भर समुद्रात ताब्यात घेतली, तिच्यावरच्या खलाशांना ठार केले आणि मुंबईजवळ आल्यावर रबरी होडीत बसून कफ परेडच्या मच्छीमार नगरात, बधवार पार्कपाशी ते उतरले. तिथल्या कोळी बंधुभगिनींनी त्यांना हटकलेही. पण ते हटकणे तिथेच राहिले. पुढच्या तीन दिवसांत १६६ माणसे गेली. एवढ्या मोठ्या देशाच्या आरमाराला आणि तटरक्षक दलाला एक रबरी होडी दिसली नाही, आणि ज्यांना दिसली त्यांचे ऐकायला कोणी नव्हते. या एका वाक्यात बंदराच्या संरक्षणाचा सगळा प्रश्न आला.

हा धोका नवा नाही

बंदरावरचा हल्ला मोठ्या जहाजांनीच होतो अशी आपली समजूत असते. इतिहास नेमके उलटे सांगतो. डिसेंबर १९४१ मध्ये सहा इटालियन पाणबुडे अलेक्झांड्रियाच्या बंदरात पाण्याखालून शिरले आणि ब्रिटिशांच्या 'क्वीन एलिझाबेथ' व 'व्हॅलियंट' या दोन अवाढव्य युद्धनौका त्यांनी निकामी केल्या. सहा माणसांनी! ऑक्टोबर २००० मध्ये एडनच्या बंदरात इंधन भरत असलेल्या 'कोल' या अमेरिकी युद्धनौकेला स्फोटकांनी भरलेली एक छोटी होडी येऊन भिडली. १७ नौसैनिक मेले. अब्जावधींची नौका आणि तिच्या बाजूला भोक पाडणारी एक होडी! दोन वर्षांनी येमेनच्याच किनाऱ्याजवळ 'लिंबर्ग' या फ्रेंच तेलवाहू जहाजावर तसाच आत्मघाती हल्ला झाला आणि समुद्रावर तेल पसरले. आपल्या शेजारी श्रीलंकेत, एप्रिल १९९५ मध्ये त्रिंकोमालीच्या बंदरात तमिळ वाघांच्या पाणबुड्यांनी दोन गस्ती नौका बुडवल्या आणि चालू असलेली युद्धबंदीही त्याबरोबर बुडाली.

आणि हे तंत्र आपल्याला अपरिचित आहे असेही नाही. १९७१ साली पलाशीजवळ भागीरथीच्या पात्रात आपल्या नौदलाने बंगाली तरुणांना पोहायला आणि जहाजाच्या तळाला चुंबकी सुरुंग चिकटवायला शिकवले. कलकत्ता आकाशवाणीवर ठरलेले गाणे लागले की निघायचे, असा संकेत होता. १५ ऑगस्टच्या मध्यरात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथे एकाच वेळी स्फोट झाले आणि पाकिस्तानी फौजेच्या रसदीचे कंबरडे मोडले. त्या मुलांजवळ होते काय? छातीला बांधलेला सुरुंग, पायांत पोहण्याचे पंखे आणि एक सुरी. इतक्या थोड्या साधनांनी बंदर बंद पाडता येते हे ज्या देशाने स्वतः करून दाखवले, त्याने स्वतःची बंदरे किती जपायला हवीत!

आता तर मरायला तयार असलेला माणूसही लागत नाही. २०२२ पासून युक्रेनने बिनमाणसांच्या, स्फोटकांनी भरलेल्या होड्या पाठवून रशियाच्या काळ्या समुद्रातल्या आरमाराला हैराण केले. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यापासून काही शे किलोमीटरवर, मंगळूरकडे येणाऱ्या 'केम प्लुटो' या जहाजावर ड्रोन आदळले. म्हणजे धोका आपल्या ओसरीपर्यंत आलेला आहे.

भोपाळचे काय जाते?

काकांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. आपल्या गाडीत पेट्रोल भरताना आपण कधी विचार केला आहे का, की ते येते कुठून? बीनाच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला कच्चे तेल लागते. ते गुजरातेत कच्छच्या आखातावर वाडीनारला, भर समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या धक्क्याशी टँकर लावून उतरवले जाते आणि तिथून सुमारे ९३५ किलोमीटर लांबीच्या नळातून बीनाला पोचते. त्या एका ठिकाणी 'लिंबर्ग' घडले, तर झळ आपल्या पंपावर लागेल. मंडीदीपच्या कंटेनर डेपोतून माल रेल्वेने बंदराकडे जातो आणि परदेशाचा माल तसाच इकडे येतो. न्हावा-शेवा महिनाभर बंद राहिले तर मंडीदीपच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलांना घरी बसावे लागेल. मुंबईच्या किनाऱ्यावर वर्सोव्यासारख्या ठिकाणी समुद्राखालच्या तारा जमिनीवर येतात. आपल्या नातवंडांशी अमेरिकेत रोज रात्री जे बोलणे होते, ते अशा तारांतूनच जाते. समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे हे खरे, पण आपल्या घराचे एक दार तिकडे उघडते.

बंदरात एक जहाज पेटले तर काय होते हे मुंबईने एकदा पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज पेटले. त्यात सुमारे १४०० टन दारूगोळा आणि स्फोटके होती, शेजारी कापसाच्या गाठी होत्या. तो घातपात नव्हता, अपघात होता. तरी आठशे ते तेराशे माणसे मेली, ६६ अग्निशामक जवान गेले आणि गोदीचा परिसर जमीनदोस्त झाला. अपघाताने जे होऊ शकते ते कोणी ठरवून केले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

आपण भोपाळकर एक गोष्ट इतरांपेक्षा जास्त जाणतो

२ डिसेंबर १९८४ ची रात्र या गावात कोणी विसरलेले नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात सुरक्षेची साधने नव्हती असे नाही. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा होती, पण ती बंद केलेली होती. वायू जाळून टाकणारा मनोरा होता, पण तो नादुरुस्त होता. कागदावर सगळे जागच्या जागी होते! यंत्र असणे आणि यंत्र चालू असणे यांत किती अंतर आहे, हे भोपाळने हजारो माणसे गमावून शिकले आहे.

किनाऱ्याचेही तसेच आहे. २००८ नंतर सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००९ मध्ये संपूर्ण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे सोपवली गेली. सागर प्रहरी बल उभे राहिले. किनाऱ्यावर रडारची साखळी बसली, सागरी पोलीस ठाणी वाढली, कोळी बांधवांना ओळखपत्रे मिळाली. २०२२ मध्ये राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयकही नेमला गेला. उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणाऱ्या १६ नव्या नौकांची मालिका बांधायला घेतली, आणि तिच्यातली पहिली नौका जून २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. तिचे नाव 'अर्नाळा', वसईजवळच्या आपल्या किल्ल्यावरून ठेवलेले. वाचून ऊर भरून आला.

पण दुसरी यादीही वाचावी लागते. जुलै २०११ मध्ये 'पावित' नावाचे बेवारस तेलवाहू जहाज ओमानकडून वाहत वाहत आले आणि थेट जुहूच्या वाळूत रुतले. वाटेत कोणाच्या लक्षात आले नाही! ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी बोट लागली, तिच्यात तीन एके-४७ बंदुका होत्या. चौकशीत घातपात नव्हता असे निघाले, ही देवाची कृपा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मालकाच्या जाचाला कंटाळलेले तीन तमिळ मच्छीमार कुवेतहून एक बोट घेऊन निघाले आणि सगळा अरबी समुद्र ओलांडून मुंबई बंदरात येईपर्यंत त्यांना कोणी अडवले नाही. अखेर पोलिसांच्या गस्ती बोटीने त्यांना हटकले. ती तिघे बिचारी घरी परतणारी माणसे होती. कुबेरवर होते तसे कोणी असते तर?

राष्ट्र जागते कोणाच्या डोळ्यांनी?

रडारला मोठे जहाज दिसते. लाटांमध्ये लपलेली छोटी होडी ओळखणे त्याला अवघड जाते. वीस मीटरपेक्षा लांब नौकांना स्वतःची ओळख कळवणारे यंत्र सक्तीचे झाले, पण कोळ्यांच्या बहुसंख्य होड्या त्याहून लहान असतात. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्याच दिवशी देशभर एक लाख होड्यांना ट्रान्सपॉन्डर देण्याची योजना सुरू झाली. योजना चांगली आहे. पण यंत्र बसवले की काम संपले असे समजू नये. १९८४ आठवा!

पाण्याखालचे काम त्याहून कठीण. मुंबई बंदराचे पाणी गढूळ, हाताचे बोट दिसत नाही. भरती-ओहोटीचा जोर मोठा. आवाजाच्या लहरींवर पाणबुड्या माणसाचा माग काढणारी यंत्रे आहेत, पण मासे, कचरा आणि शेकडो होड्यांच्या इंजिनांचा गोंगाट यांतून नेमका एक पोहणारा माणूस वेगळा काढायला ऐकणाराही तयारीचा लागतो. धक्क्याला लागलेल्या जहाजांचे तळ पाणबुड्यांनी वेळोवेळी तपासावे लागतात, बंदराच्या तोंडावर जाळी आणि अडसर लागतात, रात्रंदिवस फिरणारी गस्त लागते. हे सगळे दिसत नाही, म्हणून त्यावर खर्च करायला राजकारण्यांना उत्साह नसतो. फीत कापता येत नाही ना! मालवणच्या राजकोटावर महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये मोठ्या थाटात उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. ज्या राजाने समुद्रात किल्ला बांधला आणि तो साडेतीनशे वर्षे टिकला, त्याची आठवण आपण नऊ महिनेही उभी ठेवू शकलो नाही. महाराजांची खरी आठवण म्हणजे किनाऱ्यावरची जागती चौकी.

आणि चौकी जागती असून भागत नाही, ती प्रामाणिकही लागते. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला स्फोटके आणि शस्त्रे उतरली. मार्चमध्ये मुंबईत २५७ माणसे मेली. न्यायालयात काही कस्टम अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले. तिथे पाण्याखालून कोणी आले नव्हते, पहारेकऱ्यानेच दार उघडले होते. कोणतीही जाळी लाचेला अडवू शकत नाही.

आपलाच एक जुना धडा

आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज पेशव्यांच्या स्वाऱ्यांबरोबर या मुलखात आले, तर पुष्कळजण १९५६ मध्ये नव्या राजधानीबरोबर नागपूरहून आले. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला याच भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराहा सराईचा तह झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. एक भाऊ जमिनीवर, दुसरा किनाऱ्यावर! तेव्हा मराठ्यांचे दोन्ही डोळे उघडे होते.

त्याआधी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेट बांधायला घेतले. इंग्रजांनी मोठ्या जहाजांनी वेढा घातला, पण आपल्या छोट्या होड्या रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून रसद नेत राहिल्या आणि खांदेरी उभे राहिले. छोटी होडी मोठ्या जहाजाला कशी चकवते, हे शास्त्र आपलेच होते. कान्होजी आंग्र्यांनी तेच वाढवले. इंग्रज-पोर्तुगीज एकत्र येऊनही त्यांना कुलाबा घेता आला नाही.

आणि मग आपणच काय केले? १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्यांशी असलेल्या वैरापायी पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरले, आणि विजयदुर्गात मराठ्यांचे आरमार जळाले. उत्तरेत आपले झेंडे पुढे पुढे जात होते आणि पाठीमागे समुद्राचे दार सताड उघडे पडले होते. पुढे जे राज्य गेले ते त्याच दाराने आलेल्यांकडे गेले. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले होते. आपण ते अंग स्वतःच्या हाताने कापले. समुद्रापासून दूर गेलेल्या मराठ्यांना समुद्राचा विसर पडतो, हा आपला जुना दोष आहे. टपरीवरचे काकांचे वाक्य त्याच दोषाची आठवण आहे, म्हणून ते मला हसून सोडून देता आले नाही.

मग करायचे काय?

माझ्या मते तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. पहिली, सागरी पोलीस हे कायमचे, समुद्राचे शिक्षण घेतलेले वेगळे दल असावे. रस्त्यावरच्या बंदोबस्तातला शिपाई दोन वर्षे बोटीवर पाठवायचा आणि लाटांची सवय होते न होते तोच परत बोलवायचा, याने गस्त होत नाही. दुसरी, बंदराच्या संरक्षणाची अचानक परीक्षा घेतली जावी आणि तिचा निकाल, गुप्त भाग वगळून, विधिमंडळापुढे ठेवला जावा. कोणती यंत्रणा चालू आहे आणि कोणती बंद, हे दुर्घटनेनंतरच्या चौकशी आयोगाकडून कळण्यात काय अर्थ आहे?

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोळी बांधवांना पहारेकऱ्याचा मान मिळावा. समुद्रावर परका कोण हे त्यांना पहिल्यांदा कळते. २००८ मध्येही कळले होते. पण आज त्यांच्या वाट्याला काय येते? कागदपत्रांची तपासणी, दंड, संशय. वाढवणला तर बंदरालाच त्यांचा विरोध आहे. ते बंदर व्हावे की नाही यावर मतभेद असू शकतात. पण ज्या माणसाची होडी आणि जाळे आपण काढून घेणार, त्यानेच रात्री जागून आपले बंदर राखावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? त्यांची खबर घ्यायला चोवीस तास माणूस असावा, खबर खरी ठरली तर बक्षीस असावे आणि खोटी ठरली तर छळ नसावा.

कोणी म्हणेल, मध्य प्रदेशात बसून हे सांगून काय उपयोग? उपयोग आहे. संरक्षण हा केंद्राचा विषय आहे आणि लोकसभेत आपले २९ खासदार बसतात. त्यांच्यापैकी किती जणांनी कधी किनाऱ्याविषयी प्रश्न विचारला? आपल्या मतासाठी ते घरोघर येतात, तेव्हा नळ आणि रस्त्याबरोबर हाही एक प्रश्न विचारा. बीनाच्या तेलाचे उदाहरण द्या, त्यांना लगेच समजेल. आपल्या समाजाने पुढच्या कार्यक्रमाला एखाद्या निवृत्त नौदल अधिकाऱ्याला बोलवावे, मुलांना नौदलाच्या एनसीसीची वाट दाखवावी. दर उन्हाळ्यात कोकणात जाणारी कुटुंबे आपल्यात कमी नाहीत. त्यांनी मासळी विकत घेताना कोळ्याशी चार शब्द बोलावे, त्याची होडी कशी चालते ते विचारावे. पुष्कळ काही कळते.

काकांना मी दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटलो. वहिनींची त्या रात्रीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझा नातू पुढच्या महिन्यात नोकरीला न्हावा-शेव्याला जातो आहे. मी हा विचारच केला नव्हता." चहाचे पैसे त्या दिवशी त्यांनीच दिले.